मंडळीच्या पंचांना खुलं पत्र : विश्वासाने फक्त पाळकानेच जगायचं का?

प्रति,
आपल्या मराठी मंडळ्यांचे सगळे पंच, सेक्रेटरी, खजिनदार आणि वडीलजन,

प्रभू येशूच्या नावात तुम्हा सगळ्यांना सलाम.

मी एका पाळकाची, म्हणजे चर्चच्या पास्टरची बायको आहे. कुठलं गाव, कुठली मंडळी (चर्च) ते सांगत नाही कारण हे पत्र एका कमिटीसाठी नाहीये, मी ज्या ज्या पाळकीणबाईंना ओळखते त्यातल्या बऱ्याच जणी महिला मंडळाची मिटिंग झाली की चहा पिताना एकमेकींना जे हळू आवाजात सांगतात तेच मी इथे मोठ्याने लिहितेय. माझ्या मिस्टरांनी हे पत्र वाचलंय, ते म्हणाले लिही, फक्त कडू होऊ नको. प्रयत्न करते.

विषय साधा आहे. वर्षाच्या बजेटची मिटिंग असते, त्यात पाळकाच्या मानधनाचा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो, आधी साउंड सिस्टीम, कंपाउंडची भिंत, ख्रिसमसचा मंडप, कन्व्हेन्शनच्या म्हणजे मोठ्या प्रार्थनासभांच्या पाहुण्यांचं जेवण हे सगळं होतं आणि मग घड्याळाकडे बघत कोणीतरी म्हणतं, पास्टर तुम्ही तर विश्वासाने चालणारी माणसं, परमेश्वर पुरवील. सगळे आमेन म्हणतात. प्रार्थना होते आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. आता ज्या माणसाचं मानधन तो माणूस त्याच खोलीत बसलेला असतो, तो काय बोलणार, त्यालाही आमेनच म्हणावं लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते म्हणजे गैरसमज नको. परमेश्वर पुरवतो. हे मी पाठ केलेलं वचन म्हणून सांगत नाही, माझ्या स्वयंपाकघरातून सांगतेय. सिलेंडर संपलाय आणि महिनाअखेर आहे अशा वेळी शेजारच्या वस्तीवरच्या एका मावशींनी, ज्या स्वतः दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात, बाजरीचं पोतं मुलाच्या हाती पाठवलंय आणि वर निरोप, आमच्या नावाने प्रार्थना करा. मुलांच्या फीची शेवटची तारीख असताना एका शिक्षकांनी पाकीट आणून दिलंय, त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी इतक्या झाल्यात की मला आता आश्चर्य वाटत नाही, आभार मात्र दर वेळी नव्याने वाटतात. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे आमच्या घरात भिंतीवर लावलेलं कॅलेंडर नाहीये, आम्ही त्यावर जगलोय.

आणि साधं राहणं ही आमची तक्रार नाहीये. आम्ही ते निवडलंय. आमच्याकडे जुनी मोटरसायकल आहे, ती चालते. दोन खोल्या आहेत, त्यात पाहुणे आले तरी सगळे झोपतात. उलट मला खरंच वाटतं की कमी सामान असलेल्या घरात लोक मोकळेपणाने येतात, मजुरी करून आलेली बाई आमच्या ओट्यावर चप्पल काढून सरळ आत येते, तिला सोफा मळेल अशी भीती नसते. पाळकाचं घर मंडळीतल्या सगळ्यात गरीब घरापेक्षा फार वर नसावं असं माझ्या मिस्टरांचं पहिल्यापासून मत आहे आणि माझंही आहे. त्यामुळे हे पत्र गाडी द्या बंगला द्या असं म्हणणारं नाहीये.

मला बोलायचंय ते "परमेश्वर पुरवील" हे कोण कोणाला म्हणतंय त्याबद्दल.

उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायात हे शब्द येतात ते अब्राहामाच्या तोंडी. तो मोरियाच्या डोंगराकडे चाललाय, सोबत त्याचा स्वतःचा मुलगा आहे, लाकडं मुलाच्या खांद्यावर आणि विस्तव व सुरी बापाच्या हातात. जे सगळ्यात प्रिय ते द्यायला निघालेला माणूस म्हणतो देव पुरवील. त्याने शेजाऱ्याच्या मुलाबद्दल हे म्हटलं नाही हो. स्वतःचं काही पणाला न लावता दुसऱ्याच्या ताटाकडे बघून हे वाक्य म्हटलेलं मला अख्ख्या पवित्र शास्त्रात चांगलं म्हणून कुठे सापडत नाही, याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तसं बोलणारा सापडतो तिथे मात्र उलटंच आहे, उघड्या-उपाशी भावाबहिणीला सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा असं नुसतं तोंडाने सांगणाऱ्याला याकोब विचारतो याचा उपयोग काय.

आणि नहेम्या. नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय कृपा करून पुढच्या कमिटी मिटिंगच्या सुरुवातीला वाचा, कुठलं दुसरं मनन नको. यहूदाचा सुभेदार नहेम्या यरुशलेमला परत येतो आणि त्याला कळतं की लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, त्यांचे वाटे दिलेलेच नाहीत, म्हणून सेवा करणारे आणि गाणारे सगळे आपापल्या शेताकडे निघून गेलेत. आता नहेम्या किती विश्वासाचा माणूस, उपवास करणारा, राजासमोर उभं असताना मनातल्या मनात प्रार्थना करणारा. तो लेव्यांना बोलावून म्हणू शकला असता की तुमचा विश्वास कमी पडला, परत या आणि देवावर अवलंबून राहा. त्याने तसं केलं नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो, देवाच्या मंदिराची अशी हेळसांड का झाली म्हणून. मग लेव्यांना परत आणतो, यहूदाचे लोक धान्य, द्राक्षारस, तेल यांचा दशांश म्हणजे दहावा हिस्सा घेऊन येतात आणि भांडारावर तो अशी माणसं नेमतो ज्यांच्या सचोटीची सगळ्यांना खात्री आहे. जाब कमिटीला विचारला गेला, लेव्यांना नाही. हे मी गेली कित्येक वर्षं मनात ठेवलंय आणि आज लिहितेय.

लेव्यांना जमीन का नव्हती तेही आठवा. गणनाच्या 18 व्या अध्यायात देव लेवी वंशातल्या अहरोन याजकाला सांगतो की तुला या लोकांच्या देशात वतन नाही, तुझा वाटा मी आहे. आणि त्याच अध्यायात लगेच सांगतो की इस्राएलाचा दशांश लेव्यांना द्यायचा. दोन्ही एकत्र आहेत. देव वाटा आहे, आणि तो वाटा बारा वंशांच्या खळ्यावरून येतो. आपण पहिलं वाक्य पाळकाला ऐकवतो आणि दुसरं वाक्य ऐच्छिक ठेवतो.

कमिटीत मोठ्या विश्वासवीरांची उदाहरणं देतात म्हणून त्यांच्याबद्दलही थोडं लिहिते, कारण ती उदाहरणं अर्धीच सांगितली जातात. जॉर्ज मुल्लर. प्रत्येक कन्व्हेन्शनमध्ये एकदा तरी त्यांचं नाव येतं, ब्रिस्टलचे, कोणाकडे काही मागितलं नाही, हजारो अनाथ मुलांना देवाने जेवू घातलं. सगळं खरं आहे. 1830 मध्ये, पंचविशीत, त्यांनी पगार सोडला. पण का सोडला हे कोणी सांगत नाही. त्या काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये बाकांचं भाडं घ्यायचे, पैसेवाल्याला पुढचा चांगला बाक आणि गरिबाला मागे कुठेतरी जागा, आणि त्या भाड्यातून पाळकाचा पगार. मुल्लरला ते सहन झालं नाही. गरीब माणसाला चर्चमध्ये मान मिळावा म्हणून त्याने स्वतःचा पगार सोडला, कमिटीने त्याला सोडायला लावला नाही. मग चॅपेलमध्ये दानपेटी ठेवली. आणि त्याने लिहून ठेवलंय की ती पेटी उघडायचं काम ज्या भावांकडे होतं ते आठवडेच्या आठवडे ती उघडायचेच नाहीत. घरात पैसे संपलेले असायचे आणि पेटीत पैसे पडून असायचे. मुल्लर बोलायचा नाही, देवापुढे गुडघे टेकायचा की त्या भावाच्या मनात पेटी उघडायचं येऊ दे. आपण यातून मुल्लरचा विश्वास शिकतो, फार छान, पण खजिनदार भाऊ, त्या पेटीच्या किल्ल्या ज्याच्याकडे होत्या त्याच्याकडून पण आपण काहीतरी शिकावं असं मला फार वाटतं.

आणखी एक, मुल्लर दर वर्षी हिशोब छापायचे. देणाऱ्यांची नावं न छापता, पण आलेला पैसा कुठे गेला ते सगळं. आयुष्यभरात त्यांच्या हातातून दहा लाखांहून जास्त पौंड गेले, 1898 मध्ये वारले तेव्हा स्वतःच्या मालकीचं सगळं सामानसुमान धरून दीडशे-पावणेदोनशे पौंडांच्या आतबाहेरच निघालं. हे साधेपण उघड्या वहीसकट होतं. आता मोबाइलवर जे सेवक पुढे क्यूआर कोड आणि मागे गरीब मुलांचे फोटो लावून सपोर्ट मागतात आणि वर्षाच्या शेवटी एक ओळीचा हिशोब देत नाहीत त्यांनी मुल्लरचं नाव घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पंडिता रमाबाई तर आपल्याच. त्यांनी अमेरिकेत भाषणं देऊन मदत उभी केली, तिथल्या लोकांनी दहा वर्षं पैसे द्यायचं वचन दिलं आणि त्यावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. ती दहा वर्षं संपत आली नेमका तेव्हाच 1896-97 चा दुष्काळ पडला. हिशोबी माणसाने म्हटलं असतं आता हात आखडता घ्या. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरींना घेऊन केडगावला आल्या, कारण दुष्काळात भुकेने आईवडील आणि बहीण गेलेली त्यांनी स्वतः बघितली होती. 1900 च्या सुमारास केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दीड हजारांच्या वर माणसं जेवत होती. मुल्लरचं चरित्र त्यांनी वाचलेलं होतं, आणि हे इंग्लंडात होतं तसं हिंदुस्थानात होईल का हा प्रश्न त्यांनी देवापुढे ठेवला होता. हे सगळं आपण भक्तीने सांगतो. पण त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली, मुलींना विणकाम, शेती, छपाई शिकवली हे पण त्याच विश्वासाचं काम होतं ना. ज्या बाईने सकाळी प्रार्थना केली तिनेच दुपारी विहिरीचं काम बघितलं. आपल्याकडे प्रार्थनेचा दिवस ठरतो, विहीर कोण खणणार ते ठरत नाही.

टिळकांबद्दल लिहिताना मला जरा जड जातं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्याला राहिले, देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला आणि दोनच वर्षांत, 1919 मध्ये, प्रभूकडे गेले. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. पण मी पाळकाची बायको असल्याने मला आधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दिसतात. टिळकांचा हात सढळ, घरात आलेलं दारावर आलेल्याला देऊन मोकळे व्हायचे, आणि संध्याकाळी काय शिजवायचं हा प्रश्न चुलीपाशी बसलेल्या बाईचा. त्यांनी ते किती मोकळेपणाने लिहून ठेवलंय. आणि तरी त्याच घरात दुसऱ्यांची पोरं वाढवली. पाळकाचा विश्वास मोजताना त्याच्या बायकोचा कोणी धरत नाही. एक मूठ पिठात आणि थोड्याशा तेलात एलीया संदेष्ट्याला आधी भाकर करून देणारी सारफथची विधवा, तिचं तर नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. म्हणून माझी विनंती आहे, पाळकाच्या घरचा निर्णय घेताना एकदा पाळकीणबाईला पण विचारा, घर तिलाच चालवायचं असतं.

काही भाऊ म्हणतील की ताई, आमची मंडळी गरीब आहे, ऊसतोडीला जाणारी माणसं, अर्पण येणार कुठून. मला माहितीये, मी त्याच लोकांत राहते. सहा महिने अर्धी मंडळी कारखान्याच्या तळावर असते, रविवारी बाकं रिकामी. पण मिझोरमच्या मंडळ्यांकडे बघा. 1910 च्या सुमारास तिथल्या बायकांनी सुरू केलं, स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातला मूठभर देवाच्या कामासाठी बाजूला, दोन्ही वेळेला, गरीब घरातसुद्धा. तो तांदूळ गोळा करून विकतात आणि आज शंभर वर्षांनंतरही त्यावर केवढं काम चालतं, त्यांचे मिशनरी किती ठिकाणी जातात. तिथे कोणी श्रीमंत नव्हतं. आपल्याकडे कापणीच्या सणाला कोंबडी, अंडी, नारळ, भोपळा, पायली दोन पायली ज्वारी येते आणि लिलाव होतो तेव्हा अख्खी मंडळी किती आनंदाने बोली लावते, तो आनंद मी बघितलाय, म्हातारी माणसं एका नारळावर हट्टाने बोली वाढवत नेतात. देणारे हात आहेत. त्यांना महिन्यातून एकदा सांगणारं आणि हिशोब दाखवणारं कोणी नाहीये.

परदेशी पैशाची वाट बघणंही आता सोडायला हवं. 2020 मध्ये एफसीआरए म्हणजे परदेशी मदतीच्या कायद्यात बदल झाला, एका संस्थेने घेतलेली परदेशी मदत दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थांकडून खेड्यातल्या छोट्या सेवांना जे थोडंफार यायचं ते बंद झालं. यात काही चांगले सेवक गाव सोडून शहरात सिक्युरिटीच्या नोकरीला लागले. त्यांना कोणी नावं ठेवू नका. प्रेषित पौल करिंथमध्ये तंबू शिवायचा, हाताने काम करणं यात काहीच कमीपणा नाही, पण त्याच पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लिहिलंय की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावं ही प्रभूचीच आज्ञा आहे. आपला हक्क त्याने स्वतः सोडला. करिंथकरांनी तो काढून घेतला नाही. आणि फिलिप्पैच्या मंडळीचं बघा, पौल कैदेत बसून त्यांना लिहितो की मी आहे त्यात तृप्त राहायला शिकलोय, आणि त्याच अध्यायात त्यांच्यातल्या एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार मानतो. तृप्त राहणं पौलाने शिकायचं, पाठवणं फिलिप्पैने. कोणी कोणाचं काम बळकावलं नाही.

दुसऱ्या टोकाबद्दल पण बोलते कारण तेही वाढत चाललंय. मोठी गाडी म्हणजे मोठा आशीर्वाद, सोन्याचं घड्याळ म्हणजे अभिषेक, असं शिकवणारे पाहुणे वक्ते आपल्याच कमिट्या बोलावतात, त्यांना हॉटेलात उतरवतात, जाताना जाड पाकीट देतात. त्याच आठवड्यात स्वतःच्या पाळकाला डॉक्टरकडे न्यायला पैसे नसतात. तरुण मुलं हे बघतात. बायबल कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं मला विचारतात, काकू, स्टेज मिळाल्याशिवाय सेवा चालतच नाही का. मला त्यांना सांगावंसं वाटतं की चालते बाळांनो, खूप चांगली चालते, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं अन्नवस्त्र असलं म्हणजे तेवढ्यात तृप्त असावं हे अगदी खरं आहे, त्यात सुख आहे. पण तेच वचन मी त्यांना सांगितलं की तुमच्यापैकीच कोणीतरी ते बजेटमध्ये वापरतं, म्हणून माझी जीभ अडखळते.

मान्नाची, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्नात किडे पडले. ही गोष्ट पाळकाला सांगतात, साठवू नका. मंडळीच्या नावाने बँकेत एफडी आहे, ती दर वर्षी रिन्यू होते, कशासाठी आहे कोणाला सांगता येत नाही, तिला मात्र ही गोष्ट लागू होत नाही. मी एफडी मोडा म्हणत नाही. इमारत जुनी आहे, पाऊस आला तर छत दुरुस्त करायला पैसे हवेत, ते शहाणपण आहे. एवढंच म्हणते की तोच विचार पाळकाच्या म्हातारपणाचा पण करा. पार्सनेजमध्ये, म्हणजे मंडळीने पाळकाला दिलेल्या घरात, आयुष्य काढलेला माणूस रिटायर होतो त्या महिन्यात त्याला घर खाली करावं लागतं. ज्यांनी गावोगाव सायकलवर जाऊन लोकांना बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, आपल्या आईवडिलांना माती दिली अशी म्हातारी जोडपी मुलाच्या भाड्याच्या एका खोलीत कोपऱ्यात राहताना मी पाहिलीयेत. ती कधी देवाविरुद्ध एक शब्द बोलली नाहीत. तुमच्याविरुद्धही बोलली नाहीत.

तर मागणं काय आहे ते लिहिते. मानधन थोडं असू द्या पण ठरलेल्या तारखेला द्या, पाळकाला खजिनदाराच्या दारात उभं राहायला लावू नका, मुल्लरच्या पेटीसारखं करू नका. जमा-खर्च दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, पाळकाचं पण आणि मंडळीचं पण, सगळ्यांना दिसू दे. पौलाने सुद्धा यरुशलेमसाठी गोळा केलेला पैसा एकट्याने नेला नाही, आपला सोबती तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेले भाऊ दिले, कोणी दोष लावू नये म्हणून. पाळकाच्या कुटुंबाचा आरोग्य विमा आधी काढा, साउंड सिस्टीम नंतर घ्या. दर महिन्याला थोडी रक्कम त्याच्या म्हातारपणासाठी वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं पासबुक त्याच्या हातात द्या. मानधनाचा विषय निघाला की पाळकाला बाहेर जायला सांगा, म्हणजे तुम्हालाही मोकळेपणाने बोलता येईल आणि त्यालाही नको त्या जागी आमेन म्हणावं लागणार नाही. मूठभर धान्याचं काम महिला मंडळाकडे द्या, आम्ही करतो, डबे आमच्याकडे आहेत.

आणि एखादा पाळक उठून म्हणाला की मला मानधन नको, मला देवाने वेगळ्या रीतीने चालायला बोलावलंय, तर त्याला अडवू नका, त्याच्यासाठी प्रार्थना करा. पण ते त्याला म्हणू द्या.

कापणीच्या सणाआधी बहुतेक कमिट्यांची एक मिटिंग होतेच. त्या मिटिंगच्या अजेंड्यावर हा विषय या वेळी पहिला घ्या, शेवटी नको.

प्रभूमध्ये तुमची बहीण,
एक पाळकीणबाई